दोन सीटांची गाडी आणि उस्तादांची दाढ

मामा ग्वाल्हेरच्या खासगी बाजार पेठेतलं घर सोडून इंदूरला मुलाकडे राहायला निघाले, तेव्हा मुलाने त्यांना स्वच्छ सांगितलं, की फ्लॅटखाली एकाच गाडीची जागा आहे आणि तिथे त्याची गाडी उभी असते. मामांनी आठ दिवस विचार केला. ते इंदूरच रद्द करतात की काय, अशी आम्हा सगळ्यांना धास्ती होती. नवव्या दिवशी सकाळी त्यांचा मला फोन आला.

“तुझ्याकडे जागा आहे ना गं?”

मला वाटलं, मामा आमच्याकडेच राहायला येताहेत. मी म्हटलं, “मामा, असं काय विचारता? तुमच्यासाठी जागा नसायला काय झालं?”

“माझ्यासाठी नाही,” मामा म्हणाले. “तिच्यासाठी.”

ती म्हणजे त्यांची गाडी. साठ वर्षांपूर्वीची, इंग्रजी बनावटीची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. सीटा दोनच, चाकं सायकलसारखी तारांची, आणि उंची एवढी कमी, की शेजारून जाणाऱ्या रिक्षातल्या माणसाला आपला भांग दिसावा. तरुणपणी मामा तिच्यातून कॉलेजात शिकवायला जात. गेली वीस वर्षं मात्र ती त्यांच्या तळमजल्यावरच्या खोलीत सतरंजीखाली झोपून होती आणि तिच्या बॉनेटवर लोणच्याच्या बरण्या ठेवायची पद्धत पडली होती. एका रविवारी ट्रॅक्टरला बांधून ती आमच्या सिटी सेंटरच्या कॉलनीत आली. तिच्या पाठोपाठ एक पत्र्याची पेटी आली. पेटीत धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेले पाने होते आणि एक जाडजूड इंग्रजी मॅन्युअल होतं.

माझा नवरा सिंचन खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. छत्तीस वर्षं त्याने बंधारे आणि कालवे बांधले. म्हणजे त्याने बांधलेली एकही वस्तू कधी जागची हलली नाही, आणि हलली असती तर चौकशी बसली असती. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली.

“सीटा दोनच?”

“आपण दोघंच तर आहोत.”

“आणि गळतं कुठून कुठून?”

या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर मिळालं. पाच ठिकाणांहून.

पडाव नावाच्या भागात एका उस्तादांचं गॅरेज आहे. जुन्या गाड्यांच्या कामात त्यांचा हात धरणारा माणूस ग्वाल्हेरात नाही, असं मला सगळ्यांनी सांगितलं आणि उस्तादांनीही सांगितलं. देह पैलवानाचा, मिशा झुबकेदार. गंजून बसलेला नट ते पाना न लावता नुसत्या बोटांनी सोडवतात, असा त्यांचा लौकिक. आणि हे उस्ताद माझे पेशंटही होते. म्हणजे, व्हायला हवे होते. मी दातांची डॉक्टर. दाना ओली या जुन्या बाजारपेठेत तीस वर्षं माझा दवाखाना आहे. उस्तादांची डावीकडची खालची शेवटची दाढ किडली होती. एकदाच ते आले, खुर्चीत बसले, मी नुसता आरसा हातात घेतला, आणि ते “मोटरसाइकिल चालू छोड़ आया हूँ” म्हणून जे उठले ते गेलेच.

त्यांच्याकडे मी गाडी दिली. दर महिन्याला मी गॅरेजात चौकशीला जायची.

“उस्ताद, गाड़ी?”

“बस मैडम, अगले हफ्ते.”

“और दाढ़?”

“वो भी मैडम, अगले हफ्ते.”

असे चौदा महिने गेले. पंधराव्या महिन्यात गाडी परत आली, पुन्हा दोराला बांधूनच. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर एक पोतं बसवलेलं होतं. पोत्यात गाडीचे सुटे केलेले भाग होते. मी तडक फोन लावला.

“मैडम, बुरा मत मानिए,” उस्ताद म्हणाले. “इसके पुर्ज़े यहाँ मिलते नहीं. और इसको हाथ का टाइम चाहिए. मेरे पास टाइम नहीं है. आपके पास है?”

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला असेल, पण मला तो झोंबला. मी पोतं अंगणात सतरंजीवर ओतलं आणि बघत बसले. तीस वर्षं मी जिथे काम करत आले तिथे उजेड नसतो, हात घालायला जागा नसते, आणि मालकाची जीभ सारखी मध्ये येत असते. इंजिनाला निदान जीभ नाही. ते दुखतंय म्हणून ओरडत नाही, आणि काम चालू असताना मुलीच्या लग्नाची हकीकत सांगायचा प्रयत्न करत नाही. मी नवऱ्याला म्हटलं, “मी करते.”

“काय करते?”

“गाडी.”

“अगं, दात आणि गाडी यात फरक आहे,” तो म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, “दात रस्त्यावर धावत नाहीत.”

पहिला महिना नुसता पान्यांत गेला. गाडी इंचाच्या मापाची आणि आपलं सगळं गाव मिलिमीटरचं. बाजारातला बाराचा पाना नटावर बसत नव्हता, तेराचा बसून गरगर फिरत होता आणि नटाचे कोपरे खात होता. शेवटी मामांच्या पेटीतले पाने काढले. त्यांवरचे आकडे झिजलेले. म्हणून मी प्रत्येकाला माझ्या पद्धतीने नाव दिलं: दाढ, सुळा, पटाशी. मॅन्युअलमधली ब्रेकची आठ पानं वाळवीने खाल्ली होती. उरलेल्या पानांच्या समासात मामांच्या हातची टिपणं होती. एके ठिकाणी निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘हे घरी करू नये.’ त्याखाली काळ्या शाईत, ‘केले.’ त्याखाली पेन्सिलीने, ‘पुन्हा करू नये.’

दवाखान्यातल्या हत्यारांचा मात्र फार उपयोग झाला. इंजिनामागचा नट दिसत नसेल तर मी तोंडात घालायचा आरसा घालून बघे. सवयीने एकदा मी रेडिएटरला “आ करा” असंही म्हटलं. उलट, गाडीचं दवाखान्यात आलं ते म्हणजे वास. हातमोजे घातले तरी माझ्या हातांना पेट्रोलचा वास येई. एका लहान मुलाच्या आईने मला हळूच विचारलं, “डॉक्टर, नवीन औषध आहे का?” मी “हो” म्हटलं. ती म्हणाली, “स्ट्राँग वाटतंय.”

जानेवारीतल्या एका दुपारी मी गाडीखाली चटईवर उताणी पडले होते. बाहेर फक्त पाय, त्यांवर नवऱ्याची जुनी पँट. कॉलनीतल्या एक वहिनी हळदीकुंकवाचं सांगायला आल्या.

“भैया,” त्या माझ्या पायांना म्हणाल्या, “मैडम घर पर हैं क्या?”

“मीच आहे, वहिनी,” मी आतून म्हटलं.

चपला दोन पावलं मागे सरकल्या. मग त्या म्हणाल्या, “अगंबाई.” मग त्यांनी शुक्रवारी चार वाजताचं आमंत्रण केलं, तेही पायांनाच, आणि जाता जाता बजावलं, “असेच कपडे घालून नका येऊ हं.”

चुका पुष्कळ झाल्या. त्यातल्या दोन सांगण्यासारख्या आहेत. पहिली कार्बोरेटरची. त्यात पेट्रोल यायला एक बारीक भोक असतं, ते तुंबलं होतं. मी ते रूट कॅनलच्या सुईने साफ केलं. दाताच्या आतली नळी रुंद करण्यासाठीच ती सुई असते. तिने आपलं काम केलं. गाडी वीस वर्षांत पहिल्यांदा सुरू झाली खरी, पण तिच्या मागून जो काळा धूर निघाला त्याने शेजारच्यांच्या दोरीवरच्या चादरींचा रंग बदलला. मी त्या सगळ्या चादरी धुऊन दिल्या. रविवारी मामांचा नेहमीप्रमाणे फोन आला. मी धुराचं वर्णन करताच ते गरजले, “भोक मोठं केलंस!” एवढ्या लांबून त्यांना कसं कळलं, हे मला कळेना. नंतर मॅन्युअलमधलं ते पान काढून बघितलं, तर तिथे समासात लिहिलं होतं, ‘सुई घालू नये. घातली.’ नवा भाग कोइंबतूरच्या एका गाडीवेड्या माणसाने कुरिअरने पाठवला.

दुसरी चूक पुढे सांगते. आधी ब्रेक.

ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी बसून बारीक नट सैल करायचा. हवेचे बुडबुडे तेलाबरोबर बाहेर येतात. मग नट आवळायचा आणि त्यानंतरच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर बाहेरची हवा आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करायची. मी नवऱ्याला पेडलवर बसवलं.

“दाबा.”

“दाबलं.”

“आता सोडते हं.”

त्याने पाय काढला. नळीतून ढेकर दिल्यासारखा आवाज आला.

“अहो, सोडलंत का?”

“तूच म्हणालीस सोडा!”

“सोडते म्हटलं! मी! नट!”

“मराठीत ते सारखंच ऐकू येतं,” तो म्हणाला.

मग आम्ही मराठी सोडून आकडे ठरवले. मी ‘एक’ म्हटलं की त्याने पेडल दाबून धरायचं आणि म्हणायचं ‘दोन’. मग मी नट सैल करायचा. आवळला की मी म्हणायचं ‘तीन’, आणि त्याने पाय काढायचा. हे छान चाललं. तेवढ्यात त्याला उज्जैनहून चुलतभावाचा फोन आला. मला चाकामागून फोन दिसत नव्हता. आतून आवाज आला, “दोन.” मी नट सैल केला. नळीने पुन्हा ढेकर दिली. आतून पुढचं वाक्य आलं, “हो हो, दोनच दिवस राहू.”

यानंतर जे बोलणं झालं ते मी इथे देत नाही. उरलेली तीन चाकं आम्ही अबोल्यात केली, आणि ती बिनचूक झाली.

आता दुसरी चूक. पेट्रोलच्या टाकीचं झाकण पुसताना मला त्यात एक बारीकसं भोक दिसलं, टाचणीच्या टोकाएवढं. मी फार विचार केला नाही. भोक दिसलं की साफ करायचं, वाळवायचं, भरायचं, हे माझे हात आपोआप करतात. मी दवाखान्यातून दातात भरायचं सिमेंट आणलं आणि ते भोक असं भरलं, की बोट फिरवलं तरी कळू नये. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या फिलिंगपैकी ते एक असेल.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी मी गाडी पहिल्यांदा कॉलनीच्या बाहेर काढली. कुठे जायचं हे केव्हाच ठरलेलं होतं. पडावाला, उस्तादांच्या गॅरेजात. नवरा गाडीत बसायला तयार झाला नाही. तो स्कूटरवरून मागे मागे आला, सुरक्षित अंतर ठेवून. पायापाशी पाण्याचा कॅन, हँडलला दोर. मी केसांना रुमाल बांधला होता. गाडी सुरेख चालत होती. एका सिग्नलला शेजारच्या ई-रिक्षातल्या आजोबांनी खाली वाकून विचारलं, “बेटी, ये कितने की आती है?” मी म्हटलं, “आती नहीं है, बाबा. बनानी पड़ती है.” हे वाक्य मला एवढं आवडलं, की पुढच्या चौकापर्यंत मी ते मनात घोळवत होते. तिथेच गाडी दोन आचके देऊन बंद पडली. उस्तादांचं गॅरेज समोर दिसत होतं, दोनशे पावलांवर.

तर ज्या गॅरेजात मी ऐटीत हॉर्न वाजवत शिरणार होते, तिथे मी स्टिअरिंग धरून आणि नवरा स्कूटरवरूनच मागून पाय लावून, असे गाडी ढकलत शिरलो.

उस्ताद स्टुलावर बसले होते. डोक्यावरून हनुवटीखालून गमछा बांधलेला, आणि डावा गाल असा सुजलेला, की त्या बाजूची मिशी आडवी झाली होती. त्यांनी आम्हाला बघितलं. उठून आले, टाकीजवळ कान नेऊन पेट्रोलच्या पंपाची टकटक ऐकली. ती धापा टाकल्यासारखी येत होती. मग त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून मोठा आवाज झाला, जसं कुणी कितीतरी वेळ कोंडलेला श्वास घ्यावा. पंप लगेच नीट चालायला लागला.

उस्तादांनी झाकण उजेडात धरलं. “ये क्या भरा है?”

“सीमेंट. दाँत का.”

“क्यों?”

“छेद था.”

“मैडम,” ते गाल धरून म्हणाले, “टंकी में हवा उसी छेद से जाती है. तेल निकलेगा तो हवा अंदर आनी चाहिए कि नहीं?” मग त्यांना हसू आलं आणि हसू आल्याबरोबर कळ आली. “हर छेद में कीड़ा नहीं होता.”

त्यांनी बारीक ड्रिल घेतलं आणि माझ्या डोळ्यांसमोर माझं फिलिंग काढलं. पाच सेकंदांत, भूल न देता. नवरा माझ्याकडे न बघता आकाशाकडे बघत होता.

मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटतही होती, पण माझं लक्ष उस्तादांच्या गालावरून हटेना. मी जवळ जाऊन त्यांच्या जबड्याखाली हात लावला. अंग तापलेलं होतं आणि सूज खाली उतरायला लागली होती. आता मात्र मला गाडी दिसेनाशी झाली. दाढेची सूज गळ्याकडे उतरली तर श्वासाला धोका असतो. तिथे पुढच्या आठवड्याची भाषा चालत नाही.

“उस्ताद, अभी चलना है. दवाखाने.”

“मैडम, अगले...”

“अभी.”

त्यांनी इकडे तिकडे बघितलं. “जाऊँ कैसे? गाड़ी नहीं है.”

गॅरेजात अकरा गाड्या उभ्या होत्या.

“सब खुली पड़ी हैं,” ते खाली मान घालून म्हणाले. मोटरसायकलही खोलून ठेवलेली होती.

मग त्यांनी आशेने नवऱ्याच्या स्कूटरकडे पाहिलं. नवऱ्याने उस्तादांचा देह पाहिला, आपली स्कूटर पाहिली आणि म्हणाला, “मला मागेच राहायला पाहिजे. पाण्याचा कॅन माझ्याकडे आहे.”

मी शेजारच्या सीटचं दार उघडलं. उस्ताद दारापाशी उभे राहिले.

“ब्रेक किसने किए?”

“मैंने.”

“आप ने... अकेले?”

“पेडल पर ये थे,” मी नवऱ्याकडे बोट दाखवलं.

उस्तादांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि आत बसले. गाडी त्यांच्या बाजूला चार बोटं खाली गेली.

गॅरेजमधून बाहेर पडल्यापासून त्यांचा उजवा पाय आपल्या बाजूची फळी दाबत होता. एक हात गालाला, दुसरा हँडब्रेकवर. समोर शंभर पावलांवर सायकल दिसली तरी ते “मैडम, मैडम” करत. फूलबागेपाशी एक ई-रिक्षा सवारी घ्यायला अचानक मध्येच थांबली. मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, रिक्षापासून हातभर अंतरावर.

उस्तादांनी डोळे उघडले. समोर बघितलं. मग स्टिअरिंगकडे बघितलं.

“सीधी रुकी,” ते म्हणाले.

“हाँ.”

“खींचा नहीं किसी तरफ.” ते जरा सावरून बसले. गालावरचा हात खाली आला. “आगे सड़क खाली है. एक बार और मारिए.”

मी एकदा दाबला. त्यांनी कान टवकारले. “एक बार और. थोड़ा ज़ोर से.” मी जोरात दाबला. मागून नवऱ्याचा हॉर्न ऐकू आला. त्याचं सुरक्षित अंतर संपलं होतं. उस्ताद मान मागे वळवून चाकांचा आवाज ऐकत होते. दुखणं, ताप, गमछा, काही त्यांच्या लक्षात नव्हतं.

“पीछे वाला बायाँ ज़रा कम पकड़ता है,” ते म्हणाले. “थोड़ी हवा रह गई है उसमें.”

“उस पहिए पर उज्जैन से फोन आया था,” मी म्हटलं.

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. गॅरेजात त्यांनी याहून विचित्र कारणं ऐकली असतील.

दाना ओलीत शिरलो तेव्हा दुकानदार फळ्यांवरून उतरून बघायला आले. दवाखान्यासमोर गाडी थांबली आणि उस्तादांची नजर दारावरच्या पाटीवर गेली. पाटीवर एक मोठी हसरी दाढ रंगवलेली आहे. त्यांचा हात पुन्हा गालावर गेला.

“मैडम,” ते गंभीरपणे म्हणाले, “ब्रेक गरम करके भी देखने पड़ते हैं. एक चक्कर और लगा लें?”

मी किल्ली काढून पर्समध्ये टाकली.

खुर्चीत बसल्यावर त्यांनी बेड्या ठोकल्यासारखे दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. मी सुई दाखवली नाही, पण त्यांनी ती बघितलीच. पैलवान खुर्चीत मागे मागे सरकायला लागले, आणि मला तीस वर्षांत पहिल्यांदा एक गोष्ट सुचली. मी म्हटलं, “उस्ताद, मैं क्या कर रही हूँ, बताती जाऊँ?” त्यांनी मान हलवली. मग मी एकेक सांगत गेले. ही सुई कशासाठी. हे ड्रिल किती वेगाने फिरतं. पाणी का मारायचं, तर गरम होऊ नये म्हणून. हवा कुठून येते, नळी कुठे जाते. कॉम्प्रेसर किती जुना आहे हेसुद्धा सांगितलं. हळूहळू त्यांच्या हातांची पकड सैल झाली. ड्रिलचा वेग ऐकून तर त्यांच्या भुवया कौतुकाने वर गेल्या. दाढ वरून उघडली आणि आतला पू बाहेर आला, तेव्हा त्यांनी एवढा मोठा निःश्वास टाकला, की दाराशी उभा असलेला नवरा आत डोकावला.

चूळ भरून उस्ताद म्हणाले, “ढक्कन खुल गया.” मग ते तसेच पडून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, “मैडम, ये कुर्सी धीरे-धीरे नीचे बैठ रही है.”

“दो साल से बैठ रही है.”

“सील गई है इसकी.”

औषधं दिली. चौथ्या दिवशी सूज उतरल्यावर दाढ काढायची होती. ते येतील अशी माझी मुळीच खात्री नव्हती, पण सकाळी मी दवाखाना उघडायला गेले तर उस्ताद पायरीवर बसलेले. रात्रीच आंघोळ करून ते तयार होऊन बसले होते, झोपलेच नाहीत, असं त्यांच्या मुलाने नंतर फोनवर सांगितलं. दाढ काढायला सात मिनिटं लागली. त्यांनी तोंडात कापूस धरूनच हात पुढे केला. मला कळेना काय हवंय. त्यांनी कागदावर लिहिलं, ‘पुराना पुर्ज़ा ग्राहक को वापस देना होता है.’ मी दाढ धुऊन कागदाच्या पुडीत बांधून दिली. ती आता त्यांच्या गॅरेजात, बिघडलेल्या बेअरिंगांच्या शेजारी फळीवर आहे. गिऱ्हाइकांना ते दाखवतात आणि किती रेझिस्टन्स दिला हे सांगतात. दर वेळी तो थोडा वाढतो.

त्यानंतर त्यांनी गाडीला स्वतः हात लावावा, असं मी एकदा सुचवून बघितलं. ते म्हणाले, “मैडम, आपका काम है, आप कीजिए. मैं बैठूँगा.” आणि ते खरंच बसतात. महिन्यातून एखाद्या रविवारी येतात, अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चहा पितात आणि मी चुकत असले तर खाकरतात. एकदा खाकरले तर थांबायचं, दोनदा खाकरले तर हातातलं ठेवून लांब व्हायचं. नवरा म्हणतो, ही पद्धत आकड्यांपेक्षा बरी आहे. गाडी आता चालते. रोज नाही, आणि मे महिन्यात दुपारी मुळीच नाही. पण थंडीत सकाळी काढली तर किल्ल्याखालून एक चक्कर मारून आपल्या पायांनी घरी येते. दुसरा गिअर अजून कुरकुरतो. आता क्लच काढायचा आहे.

खुर्चीचं मात्र त्यांनी मनावर घेतलं. मागच्या रविवारी हत्यारांची पिशवी घेऊन ते दवाखान्यात आले आणि दोन तास खुर्चीखाली उताणे पडून होते. सील बदललं, तेल भरलं. मग चाचणी घ्यायची म्हणून स्वतः खुर्चीत बसले, वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. पाचव्या वेळी वर गेले ते तिथेच राहिले. खुर्ची तसूभरही खाली बसली नाही. मी आतून चहा घेऊन आले तर उस्ताद गाढ झोपलेले, मान मागे, तोंड सताड उघडं.

डोक्यावरचा दिवा चालूच होता. मी बघणार नव्हते, पण दिसलंच. वर उजवीकडे, पुढून सहावा आणि सातवा दात, दोन्ही दाढा किडलेल्या.

नवऱ्याने माझ्या चेहऱ्याकडे बघून हळू आवाजात विचारलं, “आहे का काही?”

“दोन.”

“सांगणार आत्ता?”

“आत्ता नको,” मी दिवा बंद करत म्हटलं. “गुरुवारी ते क्लच बघायला यायचे आहेत. आधी क्लच होऊन जाऊ दे.”